बाटली क्रमांक ५३-एन

परळच्या ज्या चाळीत माझे बालपण गेले, तिथून हाफकिन संस्थेचे फाटक चालत दहा मिनिटांवर होते. आम्हा पोरांच्या लेखी हाफकिन म्हणजे साप. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांचे विष तिथे काढतात, ते थोडे थोडे घोड्याला टोचतात आणि घोड्याच्या रक्तापासून सर्पदंशावरचे औषध करतात, एवढी माहिती चाळीतल्या प्रत्येक मुलाला होती. गावाकडून पाहुणे आले की आम्ही ती तिखटमीठ लावून सांगत असू. हाफकिन हे एखाद्या माणसाचे नाव असेल असे मात्र कधी मनात आले नाही. पुढे कळले तेव्हा तो कोणी इंग्रज डॉक्टर असणार, असे धरून चाललो आणि निम्मे आयुष्य त्याच समजुतीत काढले. वाल्देमार हाफकिन इंग्रज नव्हते आणि डॉक्टरही नव्हते. या दोन गोष्टी त्यांना किती महागात पडल्या, हे मला साठी उलटल्यावर समजले.

निमित्त घडले ते एका कादंबरीचे. प्लेगच्या दिवसांतल्या मुंबईवर काही लिहावे म्हणून जुने वाचत बसलो होतो. वाचता वाचता पंजाबातल्या मुल्कोवाल नावाच्या खेड्यापाशी आलो आणि तिथेच अडकलो. कादंबरी मागे पडली. बँकेत चौतीस वर्षे काढलेल्या माणसाला चौकशीचा अहवाल दुरून वासावरून ओळखता येतो. मुल्कोवालचे प्रकरण वाचताना मला तसाच एक अहवाल आठवला. तो मीच लिहिलेला होता. त्याचे पुढे सांगतो.

हाफकिन यांचा जन्म १८६० चा, काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरातला, ज्यू कुटुंबातला. तेव्हा ते शहर रशियन साम्राज्यात होते. तिथल्या विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले. गुरू लाभले इल्या मेचनिकॉव्ह. शरीरातल्या पांढऱ्या पेशी बाहेरून आलेल्या जंतूंना गिळून टाकतात, हे जगाला सांगणारे ते हेच. त्या काळी रशियात ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले होत. वस्तीच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत हाफकिन होते. त्यापायी अटकही झाली आणि मेचनिकॉव्ह मध्ये पडले म्हणून सुटका झाली. धर्म बदलला असता तर विद्यापीठात नोकरीचा मार्ग मोकळा होता. तो त्यांनी बदलला नाही. १८८८ मध्ये देश सोडला, जिनिव्हात थोडे दिवस काढले आणि १८८९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले. कशासाठी? ग्रंथालयात सहायक म्हणून. जागा तेवढीच रिकामी होती. दिवसा पुस्तके लावायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेचा एक कोपरा गाठायचा, असे त्यांचे चालले होते.

त्या कोपऱ्यात त्यांनी पटकीची लस तयार केली. लसीचे तत्त्व वाचकांना ठाऊक आहेच: ज्या जंतूने रोग होतो तोच जंतू दुबळा करून किंवा मारून शरीराला दाखवायचा, म्हणजे शरीर त्याचा चेहरा लक्षात ठेवते आणि खरा शत्रू आला की तयारीत असते. १८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी ही लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. ताप आला, उतरला. आता प्रश्न होता तो मोठ्या प्रमाणावर पडताळा घेण्याचा, आणि त्यासाठी जिथे पटकी कायम वस्तीला आहे असा मुलूख हवा होता. हिंदुस्थानचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन तेव्हा पॅरिसमध्ये ब्रिटिश वकील होते. त्यांच्या सुचवण्यावरून १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्याला उतरले.

पुढची दोन-अडीच वर्षे त्यांनी उत्तर हिंदुस्थान आणि बंगाल पालथा घातला आणि चाळीस हजारांहून जास्त लोकांना लस टोचली. कलकत्त्याच्या एका बस्तीत त्यांनी काही माणसांना टोचले, काहींना नाही. पुढे तिथे पटकी आली तेव्हा रोगी निघाले ते न टोचलेल्यांत. या फिरतीत हिवतापाने त्यांचे शरीर मात्र पोखरले.

मुंबईत गाठीचा ताप १८९६ च्या सप्टेंबरात उघडकीला आला. मांडवीला डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला. गोदामांत उंदीर मरून पडत होते आणि पाठोपाठ माणसे. जंतू दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगला सापडला होता; तो उंदरावरच्या पिसवेतून माणसात येतो हे मात्र अजून कुणालाच माहीत नव्हते. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने ते दाखवले आणि त्यानंतरही कित्येक वर्षे ते मानायला लोक तयार नव्हते. तेव्हा सरकार घरे धुवत होते, सामान जाळत होते आणि माणसे उचलून नेत होते. शहर रिकामे होऊ लागले. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८ लाख २१ हजार होती, ती १९०१ मध्ये ७ लाख ७६ हजार भरली. मुंबईची वस्ती घटते, ही कल्पनाच आज आपल्याला करवत नाही.

हाफकिन ऑक्टोबरात मुंबईत आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. एवढ्या लवाजम्यावर तीन महिन्यांत त्यांनी प्लेगची लस उभी केली. तिची कृती मला स्वयंपाकघरातली वाटते. मांसाचे सत्त्व काढून त्याचा रस्सा करायचा, आणि तोही शेळीच्या मांसाचा, कारण गोमांसाची लस हिंदू टोचून घेणार नाहीत हे त्यांनी आधीच ओळखले होते. रश्श्यावर तुपाचे थेंब सोडायचे आणि त्यात प्लेगचे जंतू पेरायचे. मग तुपाच्या तवंगाला धरून जंतूंच्या वसाहती खाली लोंबू लागत, गुहेच्या छताला चुन्याचे सुळके लोंबतात तशा. चंबू हलवला की सुळके तुटून तळाशी जात आणि नवे धरू लागत. असे पाच-सहा आठवडे. शेवटी सगळे ६५ ते ७० अंशांवर तासभर तापवायचे म्हणजे जंतू मरतात, आणि वरून थोडे कार्बोलिक आम्ल घालायचे म्हणजे बाहेरचे दुसरे काही त्यात वाढत नाही. हे कार्बोलिक वाचकांनी ध्यानात ठेवावे.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लस पुन्हा प्रथम स्वतःलाच टोचून घेतली, तीही पुढे ठरलेल्या मात्रेपेक्षा बरीच जास्त. ताप आला, अंग ठणकले, चार दिवसांत ठीक झाले. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा जे कैदी आपण होऊन पुढे आले त्यांना त्यांनी टोचले. टोचलेल्यांपैकी दोघांना रोग झाला आणि दोघेही वाचले. न टोचलेल्यांपैकी बाराजण पडले, सहा दगावले.

त्याच वर्षी पुण्यात काय चालले होते ते मराठी वाचकाला सांगायला नको. १० मार्चला प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. घराघरात सोजीर शिरत होते. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. लोकांचा राग प्लेगपेक्षा प्लेगच्या बंदोबस्तावर होता, आणि त्या रागात सुईवाला साहेबही सापडला असता तर नवल नव्हते. पण हाफकिन सक्तीच्या विरुद्ध होते. ज्याला हवी त्याला लस, असे त्यांचे धोरण होते. खोजा समाजाचे तरुण आगाखान त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्यांनी प्रयोगशाळेला जागा दिली आणि आपल्या लोकांसमोर स्वतःला लस टोचून घेतली. पुढाऱ्याने दंड पुढे केल्यावर मागच्यांची भीती गेली. सरकारी हुकमांना जे जमले नाही ते असे जमले.

१८९८ च्या फेब्रुवारीतला बडोदे संस्थानातल्या उंढेरा गावचा प्रयोग तर मला फार मोठा वाटतो. प्लेग गावात येऊन ठेपलेला. हाफकिन यांनी प्रत्येक घरातल्या निम्म्या माणसांना लस टोचली, निम्म्यांना ठेवले. घर एक, चूल एक, उंदीर तेच, तेव्हा फरक पडला तर तो लसीचाच. पुढे अठ्ठावीस घरांत प्लेग आला. त्या घरांतल्या टोचलेल्या ७१ जणांपैकी आठ आजारी पडले, तीन गेले. न टोचलेल्या ६४ पैकी सत्तावीस आजारी पडले आणि सव्वीस गेले. आकड्यांवर पोट भरलेल्या माझ्यासारख्यालाही हा ताळेबंद पुन्हा पुन्हा वाचावा लागला. एकाच घरात कुणाला टोचायचे आणि कुणाला नाही, हे ठरवताना त्या ओट्यावर उभ्या असलेल्या माणसाला काय वाटले असेल? आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही. पण त्यातून जे कळले ते दुसऱ्या कोणत्याही वाटेने इतके स्वच्छ कळले नसते.

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात प्लेगच्या प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. ही वास्तू रिकामी का होती, तर १८८० च्या दशकात तिथे राहणाऱ्या गव्हर्नरच्या पत्नीला पटकीने मृत्यू आला आणि नंतर गव्हर्नरांनी परळ सोडले. पटकीने रिकाम्या केलेल्या घरात पटकीची लस शोधणारा माणूस राहायला आला. त्याच वर्षी त्यांना ब्रिटिश नागरिकत्वही मिळाले. चाळिशीच्या आत हे सगळे पदरात पडले. पण इंडियन मेडिकल सर्व्हिसमधल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना हा माणूस सलत होता. वैद्यकाची पदवी नाही, रशियन, त्यात ज्यू. रशियाचा हेर असावा, अशीही कुजबुज होती.

आता मुल्कोवाल. १९०२ मध्ये पंजाबात प्लेगने थैमान घातले होते आणि तिथल्या सरकारने परळकडे लाखांनी मात्रा मागितल्या. जुन्या कृतीने एवढी लस होईना. म्हणून हाफकिन यांनी नवी कृती घेतली आणि तीत कार्बोलिक गाळले. नीट तापवले की पुरे, असा पॅरिसच्या पाश्चर संस्थेचाही अनुभव होता. हा बदल त्यांनी वरिष्ठांची मंजुरी न घेता केला.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुल्कोवालला १०७ माणसांना लस टोचण्यात आली. पाच बाटल्या उघडल्या गेल्या. आठवडाभराने त्यांतल्या १९ जणांची दातखीळ बसली, अंगे धनुष्यासारखी वाकली. धनुर्वात. एकोणीसच्या एकोणीस गेले. सगळ्यांना एकाच बाटलीतली लस दिलेली होती आणि त्या बाटलीचा क्रमांक होता ५३-एन. बाकीच्या चार बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झाले नाही.

एकोणीस घरे बुडाली. त्यांची नावे कुठल्या चरित्रात येत नाहीत, हेही इथे लिहून ठेवतो.

चौकशीसाठी आयोग बसला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेंकिन्स अध्यक्ष, आणि सोबत लष्करी हुद्द्याचे दोन डॉक्टर. जेंकिन्स काही वाईट न्यायाधीश नव्हेत. १९०४ मध्ये ताई महाराज प्रकरणात टिळकांना निर्दोष सोडणारे ते हेच. पण आयोगाने निष्कर्ष काढला की धनुर्वाताचे जंतू बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळच्या प्रयोगशाळेतच, आत शिरले असले पाहिजेत, आणि कार्बोलिक गाळणे ही गंभीर चूक होती. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. १९०४ मध्ये ते हिंदुस्थान सोडून गेले. त्यांनी शोधलेली लस मात्र इथे टोचली जातच होती.

आता माझे. १९८६ साली मी एका तालुक्याच्या गावी आमच्या बँकेच्या शाखेत अकाउंटंट होतो. हेडकॅशियर माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. सगळे त्यांना अण्णा म्हणत. एकदा दुसऱ्या कचेरीत भरण्यासाठी पाठवलेल्या रकमेत शंभराच्या नोटांचे एक पुडके कमी निघाले. दहा हजार रुपये. त्या दिवशी बाजार होता, खिडकीवर झुंबड होती, आणि अण्णांनी रक्कम दुसऱ्यांदा न मोजता, रजिस्टरात सही न घेता पेटी बंद केली होती. नियम मोडला होता, यात शंका नव्हती. प्राथमिक अहवाल लिहायचे माझ्याकडे आले. मी लिहिले की नियम जिथे मोडला तूट तिथेच झाली असली पाहिजे. वाक्य मला पाठ आहे. तेव्हा ते फार तर्कशुद्ध वाटले होते. अण्णा निलंबित झाले.

मुल्कोवालच्या कागदांत मला तेच वाक्य वेगळ्या शब्दांत भेटले. हाफकिन यांनी मंजुरीविना कृती बदलली होती, म्हणून विषही तिथेच शिरले असणार. पण आयोगापुढे दुसरी एक साक्ष होती. बाटल्या उघडणाऱ्या मदतनिसाच्या हातून बुचे काढायचा चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर न धरता नुसता कार्बोलिकच्या पाण्यात बुडवून त्याने ५३-एनचे बूच काढले. धनुर्वाताचे जंतू राहतात कुठे? मातीत, शेणखतात. त्यांचे बीजाणू इतके चिवट की कार्बोलिकमध्ये क्षणभर बुडवून त्यांना काही होत नाही. शिवाय हे जंतू बाटलीत आठवडेच्या आठवडे वाढत असते तर बूच काढताच घाण भपकारा आला असता; उघडणाऱ्यांना वास आला नव्हता. आणि बाटलीत विष आधीच साठलेले असते तर माणसे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच पडली असती. आठवडा लागला, याचा अर्थ बीजाणू ताजे शिरले आणि माणसांच्या शरीरात वाढले. हे सगळे कागदावर होते. पण चिमटा पडणे ही फार क्षुल्लक गोष्ट दिसते आणि मंजुरीविना केलेला बदल हा मोठा गुन्हा दिसतो.

अहवाल लोकांसमोर यायला १९०६ अखेर उजाडली. तो वाचून लंडनमध्ये काही शास्त्रज्ञ पेटले. त्यांत पुढे होते रोनाल्ड रॉस. हिवताप डासामुळे पसरतो हे दाखवून १९०२ चे नोबेल मिळवलेले रॉस स्वतः इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले, म्हणजे हाफकिन ज्यांना सलत होते त्याच मंडळींतले. त्यांनी कागद तपासले, लेख लिहिले, आणि २९ जुलै १९०७ रोजी लंडनच्या टाइम्समध्ये दहा नामवंतांच्या सहीचे पत्र छापून आणले. प्रश्न पार्लमेंटपर्यंत गेला. फ्रान्समधल्या ड्रायफस या ज्यू अधिकाऱ्यावरच्या खोट्या आरोपाशी लोक या प्रकरणाची तुलना करू लागले. नोव्हेंबर १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. पाच वर्षे लागली.

अण्णांना चार लागली. ते पुडके ज्या कचेरीत भरणा केला तिथेच होते. दुसऱ्या शाखेच्या भरण्यात मिसळून जादा रक्कम म्हणून संकीर्ण खात्यात जमा पडलेले. तारीख तीच, रक्कम तीच. एका तपासनिसाला ते वर्षअखेरची खाती जुळवताना सापडले. अण्णांना थकबाकीसकट पगार मिळाला. पण त्यांच्या खिडकीवर दुसरा माणूस बसला होता, म्हणून त्यांना दुसऱ्या शाखेत जावक टपालावर बसवले. त्यांच्या थकबाकीचे बिल मंजुरीला आले तेव्हा मी विभागीय कार्यालयात होतो. सही मीच केली. त्यांना पत्र लिहावे असे पुष्कळदा वाटले, लिहिले नाही. त्यांनीही माझ्याविषयी कुणाजवळ कधी वावगा शब्द काढल्याचे कानावर आले नाही. ते गेल्याला आता बरीच वर्षे झाली.

हाफकिन यांच्याही खुर्चीवर दुसरे कुणी बसलेले होते. परळला परत घेता येत नव्हते, म्हणून त्यांना कलकत्त्याला नेमले. तिथे लस करण्याची सोय नव्हती. ज्या माणसाने एका खोलीत आणि तीन शिपायांवर प्लेगची लस केली त्याने तिथे टेबलाशी बसून शोधनिबंध लिहिले. १९१४ मध्ये ते निवृत्त झाले आणि फ्रान्सला गेले. वय पंचावन्नच्या आसपास. लग्न केलेले नव्हते. उरलेली वर्षे त्यांनी आपल्या ज्यू धर्माच्या आचारात आणि त्या समाजाच्या कामात घालवली. धर्म न सोडल्यामुळे ज्याची पहिली नोकरी हुकली होती, तो म्हातारपणी त्याच धर्माच्या अधिक जवळ गेला.

प्लेगवर आज प्रतिजैविके आहेत. १९९४ मध्ये सुरतेला प्लेगची हाकाटी झाली तेव्हा दुकानांतून टेट्रासायक्लिनच्या गोळ्या संपल्या. हाफकिनच्या लसीची आठवण कुणाला झाली नाही, व्हायचे कारणही नव्हते. पण ती औषधे येण्यापूर्वी, जेव्हा हिंदुस्थानात या रोगाने एक कोटीहून अधिक माणसे नेली, तेव्हा हाती होती ती हीच लस. १८९७ ते १९२५ या काळात परळहून तिच्या २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या.

१९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. ते हयात होते, पण ती पाटी पाहायला आले नाहीत. १९२८ मध्ये ते स्वित्झर्लंडमधल्या लोझानला राहायला गेले, आपली पुंजी पूर्व युरोपातल्या ज्यू धर्मशाळांतल्या विद्यार्थ्यांच्या नावे करून ठेवली आणि २६ ऑक्टोबर १९३० रोजी तिथेच वारले.